सत्य सांगून झाल्यावर

सुखात्मिकेचा विवाहाशी असलेला ऋणानुबंध इतका जुना आहे की, अखेरच्या प्रवेशात जोड्या जुळल्या नाहीत तर प्रेक्षकाला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. गैरसमज व्हावेत, वेषांतरे व्हावीत, प्रतिस्पर्धी आडवे यावेत आणि शेवटी ज्याचे माणूस त्याला मिळावे, हा या नाट्यप्रकाराचा संकेत. या संकेतामागे एक नैतिक गृहीत दडलेले असते. प्रेमातील गुंता अज्ञानातून निर्माण होतो आणि सत्य प्रकट झाले की तो आपोआप सुटतो, हे ते गृहीत होय. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये पुरुषवेषातील व्हायोलाची खरी ओळख पटते आणि सारे काही जागच्या जागी बसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काही प्रेमकथांनी मात्र या गृहीतालाच धक्का दिला. सर्वांना सर्व ठाऊक आहे, कोणी कोणाला फसविलेले नाही आणि तरीही गाठ सुटत नाही, अशी परिस्थिती त्यांनी उभी केली. अशा वेळी एकाने दुसऱ्याचे काय देणे लागते, हा प्रश्न स्पाइक ली यांच्या 'शीज गॉटा हॅव इट' या १९८६ सालच्या चित्रपटात जितक्या उघडपणे विचारला गेला, तितका तो क्वचितच विचारला गेला असेल.

या चित्रपटाची निर्मिती हॉलिवुडच्या मोठ्या निर्मितिसंस्थांच्या छायेबाहेर झाली. न्यूयॉर्क विद्यापीठातून चित्रपटाचे शिक्षण घेतलेल्या लींनी १९८५ च्या उन्हाळ्यात अवघ्या बारा दिवसांत त्याचे चित्रीकरण केले; खर्च सुमारे पावणेदोन लाख डॉलर आला आणि प्रदर्शनानंतर उत्पन्न सत्तर लाखांच्या घरात गेले. अर्नेस्ट डिकर्सन यांचे छायाचित्रण एका नृत्यप्रसंगाचा अपवाद वगळता कृष्णधवल आहे. संगीत दिग्दर्शकाचे वडील बिल ली यांचे. ब्रुकलिनच्या फोर्ट ग्रीन भागातील कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचे जीवन येथे गुन्हेगारी आणि दारिद्र्य यांच्या ठरीव चौकटीबाहेर पडून पडद्यावर आले, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व. कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली आणि २०१९ साली अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय सूचीत त्याचा समावेश केला. तथापि, या सन्मानांनी त्याच्याविषयीचा वाद मिटला नाही. तो वाद मिटण्याजोगा नाही, यातच त्याचे मोल आहे.

कथानक थोडक्यात सांगता येते. नोला डार्लिंग ही एकटी राहणारी, स्वतःच्या कमाईवर जगणारी तरुण चित्रकर्ती. एकाच काळात तिचे तीन पुरुषांशी संबंध आहेत. जेमी ओव्हरस्ट्रीट हा गंभीर, कवितेची ओढ असलेला, संसाराची स्वप्ने पाहणारा. ग्रीअर चाइल्ड्स हा देखणा, आत्ममग्न, प्रणयाच्या ऐन क्षणीही स्वतःच्या कपड्यांच्या घड्या नीट घालीत बसणारा. आणि मार्स ब्लॅकमन हा बडबड्या, कंगाल, पण तिला हसवू शकणारा. ही शेवटची भूमिका स्वतः लींनी केली आहे. तिघांनाही एकमेकांची माहिती आहे. नोला काहीही लपवीत नाही. एका सणाच्या दिवशी ती तिघांना एकाच मेजावर जेवायला बोलावते आणि त्या पंगतीत विनोद जितका रंगतो, तितकीच अस्वस्थता दाटत जाते.

चित्रपटाची घडणही लक्षणीय आहे. प्रारंभी झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७ सालच्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' या कादंबरीतील उतारा येतो, आणि मग नोला आपल्या पलंगावर चादरीखालून उठून थेट कॅमेऱ्याशी बोलू लागते. आपल्या नावाला लागलेला बट्टा पुसावा, एवढ्यासाठीच आपण बोलायला तयार झालो, असे तिचे म्हणणे. त्यानंतर तिचे प्रियकर, तिची जुनी सोबतीण, तिचे वडील, तिची मैत्रीण ओपल, तिला तपासणारी मानसतज्ज्ञ असे सारे एकेक करून आपली साक्ष देतात. ग्रीअरने तिला विकृत ठरविलेले असते. तज्ज्ञ स्त्री तिला निरोगी ठरविते. म्हणजे हा चित्रपट मुळात एका स्त्रीविषयीच्या मतांचा संग्रह आहे. पुढे त्याच्याविषयी जी मते व्यक्त झाली, ती जणू त्याच साक्षीपुराव्याची पुढची पाने होत.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. नोलाच्या बाजूने पहिला आणि सर्वांत बळकट मुद्दा तिच्या सत्यनिष्ठेचा. प्रेमातील अन्यायाचा प्रमुख मार्ग फसवणुकीतून जातो. फसविलेला माणूस ज्या जगात आपण राहतो असे समजतो, ते जग अस्तित्वातच नसते. त्याची निवड त्याच्या नकळत दुसऱ्याने केलेली असते. नोला हा अपराध करीत नाही. ती प्रत्येकाच्या हाती वस्तुस्थिती ठेवते आणि राहायचे की जायचे, हा निर्णय त्याच्यावर सोपविते. शिवाय हेच वर्तन पुरुषाचे असते, तर त्याला साक्षीदार गोळा करून आपले नाव निर्मळ करावे लागले नसते. चित्रपटात रस्त्यावरचे पुरुष एकामागून एक येऊन स्त्रीला वश करण्याची आपापली ठोकळेबाज वाक्ये ऐकवितात. त्यांच्यापैकी कोणाकडेही कोणी जबाब मागत नाही.

परंतु सत्य सांगितल्याने सारे ऋण फिटते काय? येथे संमतीचा घटक बारकाईने पाहावा लागतो. तिघांनीही ही व्यवस्था मान्य केली आहे. पण त्या मान्यतेत आशेचा अंश फार मोठा आहे. आज तिघे आहेत, उद्या आपण एकटेच उरू, असे प्रत्येकाला वाटते. म्हणजे त्यांनी वर्तमानाला संमती दिली ती एका कल्पित भविष्याच्या भरवशावर. नोलाला हे कळत नाही, असे मानणे तिच्या बुद्धीचा अपमान ठरेल. ती जे सांगते ते सर्व खरे असते. मात्र जे ती कधीच देऊ शकणार नाही, ते तितक्याच स्पष्टपणे सांगायचे ती टाळते. आपल्या बोलण्यातून दुसरा काय ऐकतो आहे, याकडे डोळेझाक करणारे सत्य हे अर्धेच सत्य असते. कर्ज देताना अटी वाचून दाखविल्या, एवढ्याने सावकार निर्दोष ठरत नाही. समोरच्याची नड त्याला दिसत असते. प्रेमात तर नडीचे मोल याहून किती तरी अधिक. तेव्हा नोलाकडे बोट दाखवायचेच, तर ते तिला तिघे आवडतात म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या आशेची जाणीव असून ती आशा तिने आपल्या सोयीपुरती जिवंत राहू दिली, हा तिचा खरा दोष आहे.

एवढ्यावर चित्रपट थांबता, तर तो एक समतोल आणि मार्मिक सुखात्मिका ठरला असता. तो तेथे थांबत नाही. दुरावलेला जेमी नोलाच्या बोलावण्यावरून रात्री तिच्या घरी येतो आणि तिच्यावर बळजबरी करतो. त्या अवस्थेत तो इतर दोघांशी आपली तुलना करतो आणि तिच्या देहावर मालकी कोणाची, याचा कबुलीजबाब तिच्याकडून वदवून घेतो. यानंतर घडते ते अधिक विलक्षण आहे. नोला ग्रीअर आणि मार्स यांना निरोप देते, काही काळ ब्रह्मचर्य पाळण्याचे ठरविते आणि जेमीकडेच परत जाते. अगदी शेवटच्या स्वगतात ती सांगते की, हा निश्चय टिकला नाही; एकाचीच होऊन राहणे आपल्या स्वभावात नाही. पण तोपर्यंत कथेच्या ओघाने एक निवाडा देऊन टाकलेला असतो. अत्याचाराचा प्रसंग नायिकेच्या आत्मपरीक्षणाचे निमित्त बनलेला असतो.

बेल हुक्स या विदुषींनी १९८९ साली 'टॉकिंग बॅक' या ग्रंथातील लेखात नेमक्या याच स्थळी बोट ठेवले. नोलाची मुक्तता ही पुरुषांच्या दृष्टीने पाहिलेली मुक्तता आहे. तिची ओळख तिच्या कामेच्छेपुरती सीमित केली गेली आहे आणि अत्याचारानंतर तिचा आवाज क्षीण होत जातो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. चित्रपटाच्या समर्थकांनाही उत्तर देण्याजोगे काही आहेच. ज्याला सर्वांत सज्जन म्हणून रंगविले, त्याच्याच अंतरंगात स्वामित्वाची हाव सर्वांत खोल रुजलेली होती, हे दाखविण्याचे धाडस येथे आहे, आणि अखेरचा शब्द नोलाचाच आहे, असे त्यांना म्हणता येते. हे दोन्ही मुद्दे निराधार नाहीत. तथापि, जेमीच्या कृत्याचा जाब त्याला कोणी विचारीत नाही आणि ज्या कॅमेऱ्यापुढे सर्वांनी साक्ष दिली, त्या कॅमेऱ्याला या एका घटनेविषयी नोलाकडून पुरेशी साक्ष घ्यावीशी वाटली नाही, हे सत्य त्यांनी झाकले जात नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तेथेही एका स्वतंत्र वृत्तीच्या, मिळवत्या स्त्रीच्या खासगी आयुष्याची जाहीर चौकशी होते. तेथेही साक्षीदार येतात, तर्क लढवितात, निकाल देतात. आणि लीला बेणारेलाही अखेरीस एक दीर्घ स्वगत मिळते. फरक आहे तो लेखकाच्या स्थानाचा. बेणारेचे स्वगत कोर्टातील कोणालाही ऐकू जात नाही, पण प्रेक्षागृहाला ते ऐकू येते. नाटकातील कोर्ट तिला दोषी ठरविते, नाटक मात्र त्या कोर्टालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. लींच्या चित्रपटात कोर्ट आणि कलाकृती यांच्यात हे अंतर सर्वत्र राखले गेले आहे. निर्णायक क्षणी मात्र ते मिटते. जेमीची वेदना खरी आहे, एवढ्यावरून कथा त्याला न्यायाधीशाचे आसन देऊन बसते.

वस्तुतः या प्रसंगात दोन भिन्न प्रश्नांची सरमिसळ झाली आहे. नोलाने जेमीच्या आशेची कदर केली का, हा एक प्रश्न. दुखावलेल्या माणसाला आपल्या दुःखापोटी कोणता अधिकार प्राप्त होतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले, तरी दुसऱ्याच्या उत्तरात त्यामुळे काडीचाही फरक पडत नाही. दुःखाने निघून जाण्याचा अधिकार मिळतो, जाब विचारण्याचा मिळतो, कटू बोलण्याचाही मिळत असेल. दुसऱ्याच्या देहावरचा अधिकार मात्र कोणत्याही दुःखातून उत्पन्न होत नाही. प्रेमाच्या व्यवहारात हे दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले जातात आणि तिनेही काही कमी केले नव्हते, या वाक्याने हिंसेचे मोजमाप घेतले जाते. हे वाक्य अनेकदा खरे असते, आणि म्हणूनच ते धोकादायक असते.

२०१४ साली लींनी स्वतःच या प्रसंगाविषयी जाहीर खेद व्यक्त केला. आपल्या कारकिर्दीतील एखादी गोष्ट बदलता आली असती, तर हा प्रसंग बदलला असता. त्या वेळी आपल्याला पुरेशी समज नव्हती आणि बलात्काराचे गांभीर्य आपण जाणले नाही, असे त्यांनी सांगितले. पुढे २०१७ साली नेटफ्लिक्सवर त्यांनी याच कथेची दहा भागांची मालिका केली. दुसरा आणि शेवटचा भागसमूह २०१९ साली आला. मालिकेत नोलावर हल्ला होतो तो रस्त्यावर, एका अनोळखी पुरुषाकडून, आणि त्याला ती चित्रांनी उत्तर देते. स्त्रियांना हाक मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा निषेध करणारी भित्तिचित्रे ती शहरभर लावते. तिला आता आवाज आहे, व्यवसाय आहे, मैत्रिणी आहेत. ही सुधारणा स्वागतार्ह होय. परंतु तिच्यात एक सोयही आहे. अनोळखी हल्लेखोराचा निषेध करणे तुलनेने सोपे असते. मूळ चित्रपटातील प्रश्न प्रियकराचा होता, ज्याच्यावर नोलाचे प्रेम होते आणि ज्याला तिने दुखावलेही होते, अशा माणसाचा. तो प्रश्न मालिकेने सोडविला असे म्हणण्यापेक्षा तिने त्याची जागा बदलली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. कलावंताचा पश्चात्ताप प्रामाणिक असू शकतो. पूर्ण झालेली कलाकृती मात्र त्याच्या पश्चात्तापापाशी थांबत नाही. ती आपल्या दोषासह पुढच्या पिढ्यांकडे जाते आणि तो दोषही तिच्या अर्थाचाच भाग बनतो.

तरीही त्या सदोष चित्रपटाकडे परत परत जावेसे वाटते, याचे कारण त्याने सुखात्मिकेचे जुने आश्वासन मोडून प्रेक्षकाला एका अवघड जागी आणून सोडले आहे. सत्य सांगणे ही प्रेमातील नीतीची पहिली पायरी होय. ती ओलांडल्यावर खरे काम सुरू होते. आपल्या सत्याचे दुसऱ्याच्या मनात काय झाले, हे सांगणाऱ्याने पाहत राहावे लागते, आणि ऐकणाऱ्याने आपल्या आशेला दुसऱ्याच्या वचनाचे नाव देण्याचे टाळावे लागते. यांपैकी पहिले नोलाला साधले नाही, दुसरे जेमीला. पण दोघांच्या अपयशाचे वजन सारखे नाही आणि ते सारखे असल्याचा भास निर्माण करणारी कोणतीही कथा, ती कितीही हसवीत असली तरी, न्यायाची ठरत नाही.

चित्रपटाच्या शेवटी नोला पुन्हा त्याच पलंगावर एकटी येते आणि चादर अंगावर ओढून घेते. लग्नाची वरात नाही, शिक्षा नाही, समेट नाही. साक्षीदार निघून गेलेले आहेत. तिचे नाव निर्मळ झाले की नाही, हे ती कोणाला विचारीत नाही.