तोच निबंध, दुसरं दार

एकच निबंध आठ कॉलेजांना पाठवला, तर ते असत्य ठरतं का? बारावीतली माझी भाची अर्ज भरता भरता मला म्हणाली, "आत्या, सगळीकडे तेच लिहिलं की खोटं होतं का गं?" मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, पोरांचे निबंध तपासले. तरी या प्रश्नाला लगेच उत्तर देववेना.

नियमांची आडकाठी नाही. अमेरिकेतलं कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीचा सामायिक अर्ज, १९७५ पासून याच सोयीसाठी चालतं. २५० ते ६५० शब्दांचा एक मुख्य निबंध लिहायचा, तोच वीस कॉलेजांपर्यंत जातो. ब्रिटनमधल्या यूकॅस या प्रवेशसेवेवर एकच मजकूर पाच ठिकाणी वाचला जातो. पण परवानगी मिळाली म्हणजे मनाचं समाधान होतंच असं नाही.

भाचीचा निबंध तिच्या आजीवर, म्हणजे माझ्या आईवर आहे. आई सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या वजा करून मजुरी किती होईल, ते तोंडी सांगायची. तो हिशेब ऐकता ऐकता भाचीला गणिताची गोडी लागली. हे पुण्यात खरं आहे, दिल्लीत खरं आहे, बॉस्टनमध्येही खरंच आहे. साक्षीदारानं दोन कोर्टांत एकच साक्ष दिली तर त्याला कोणी खोटा म्हणत नाही. साक्ष बदलली की संशय येतो.

अडलं ते शेवटच्या वाक्यापाशी. 'तुमच्याच संस्थेत शिकण्याचं माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे.' संस्थेचं नाव बदलत हेच वाक्य आठ ठिकाणी जाणार होतं.

आमच्या गावाला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात आणि आसपास अडुसष्ट लिंगं स्थापली. संक्रांतीच्या यात्रेत यण्णीमज्जनाच्या, म्हणजे लिंगांना तेल घालण्याच्या, दिवशी सातही नंदीध्वज त्या लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. बाराबंदी घातलेले भक्त ते जड ध्वज पेलत चालतात. प्रत्येक ठिकाणी तेल तेच, विधी तोच. पण मंदिरात बसून अडुसष्ट लिंगांच्या नावानं एकदाच तेल ओतलं, असं चालत नाही. एकेकापाशी जावं लागतं. पुनरावृत्तीत दोष नाही, हे मी या वाटेवर शिकले. दोष आहे तो न जाता गेल्यासारखं दाखवण्यात.

कोणी म्हणेल, शिकवण्या घेऊन, घरकाम आवरून रात्री अर्ज भरणाऱ्या मुलीनं आठ निबंध लिहायचे कधी? खरं आहे, आणि तसं मागणं अन्यायाचं होईल. आजीची गोष्ट आहे तशीच जाऊ दे. समोरच्याविषयीची चार वाक्यं मात्र त्याच्याकडे पाहूनच लिहायला हवीत: तिथे काय शिकवतात, कोण शिकवतं, आपल्याला त्यातलं काय हवं आहे.

योगशास्त्रानं सत्याला यमांमध्ये जागा दिली, ती साधकाच्या हितासाठी. खोट्या वाक्यानं कॉलेजाचं फारसं बिघडणार नाही; तिथे अशी वाक्यं ढिगानं येतात. बिघडतं ते लिहिणाऱ्या मुलीचं. सतराव्या वर्षी माणूस आपल्या इच्छा बोलून बोलून ओळखत असतो. त्या वयात आठ जणांना 'तूच' म्हणायची सवय लागली, तर खरी ओढ कुठे आहे हे तिचं तिलाच कळेनासं होईल. इच्छेशी खोटं बोलणं मला वस्तुस्थितीशी खोटं बोलण्याहून घातक वाटतं, कारण ते पकडायला बाहेरचं कोणी नसतं.

भाचीनं एकेक संस्था पुन्हा नीट पाहिली. दोन ठिकाणांविषयी तिला मनापासून काहीच लिहिता येईना, म्हणून ती नावं तिनं खोडली. पेठेतली इतर मुलं विचारायला येतात, त्यांनाही मी आता हेच सांगते: स्वतःविषयी जे खरं आहे ते हवं तितक्यांना सांगा, पण जिथे जावंसं वाटत नाही तिथे 'यायचंय' असं लिहू नका.