सात मात्रांचं ऋण

कीर्तनाला तबल्याची साथ करण्यात माझं आयुष्य गेलं. नारदाच्या गादीवर उभं राहायचा अधिकार कोणाला, यावरचे वाद मी देवळाच्या ओसरीवर पुष्कळ ऐकलेत. टायनी बेल ट्रायो ऐकताना तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. डेव्ह डग्लसचा ट्रम्पेट, ब्रॅड शेपिकची गिटार, जिम ब्लॅकचे ड्रम्स. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या बेल कॅफेत जमलेलं हे त्रिकूट. नावही त्या जागेवरूनच पडलं. तिघेही अमेरिकन, जॅझवाले, आणि रमतात बाल्कनच्या लोकलयींत. यांचा काय संबंध?

राचेनित्सा हा बल्गेरियन नाच सात मात्रांचा. आपला रूपक तीन-दोन-दोन, तर तो दोन-दोन-तीन. लांब पाऊल शेवटी पडतं. द्रुत लयीत सात मोजायला सवडच नसते. लहान, लहान, मोठं एवढं अंगाला कळावं लागतं. त्यात या त्रिकुटात बेस नाही. खालचा आधार कधी गिटार उचलते, कधी ड्रम्स, कधी कोणीच नाही. तरी तिघे नेमके येऊन मिळतात. तिथे जन्माचा दाखला काय कामाचा?

जन्मावर हक्क ठरवणाऱ्यांनी बल्गेरियाचंच पाहावं. क्लॅरिनेटवाला इवो पापाझोव कर्जालीचा, तुर्की-रोमा घरातला. लग्नात वाजवता वाजवता त्याने आपल्या संगीतात जॅझ मुरवला. १९८०च्या दशकात तिथलं कम्युनिस्ट सरकार तुर्कांची नावं बदलत होतं, लोकसंगीत ‘शुद्ध’ करत होतं. पापाझोवला तुरुंगात घातलं. म्हणजे ज्याच्या घरात ही लय, त्यालाच बंदी. सोवळ्याची भाषा देशोदेशी सारखीच.

पण म्हणून ‘साधेल त्याची लय’ म्हणत हात झटकावेत, हे मला पटत नाही. ज्या लयीपायी एकाने तुरुंग पाहिला, ती दुसरा कॅफेत निर्धास्त वाजवतो. त्या दुसऱ्यावर जे देणं चढतं, त्याला मी ऋषिऋण म्हणतो. पितृऋणाला कूळ लागतं, ऋषिऋण अध्ययनाने फिटतं. (आपल्या शास्त्राने अध्ययनाची मुभा कोणाकोणाला दिली, तो लाजिरवाणा विषय वेगळा.) शेपिक गिटारीवर थांबला नाही, साझ आणि बाल्कनचा तांबुरा हाती घेतला, हा फेडीचाच एक हप्ता.

याच त्रिकुटाने ‘कॉन्स्टेलेशन्स’ या अल्बममध्ये जर्मन रचनाकार शुमानही वाजवला. त्याबद्दल अधिकाराचा प्रश्न कोणाच्या तोंडी येत नाही, माझ्याही आला नाही. शुमानचं नाव रचनेखाली असतं, ऋण कोणाचं ते कळतं. लोकचालीखाली बहुधा ‘पारंपरिक’ एवढंच छापतात. मला तिथे गाव हवं, आणि चाल ज्याच्याकडून शिकली त्याचं नाव.