आरसीवरचं नाव

मामांनी गाडीवरचं जुनं लुगडं ओढलं आणि ओट्यावर पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑइल यांचा मिसळलेला वास पसरला. यामाहा आरएक्स १००, १९९० सालची, एमएच-१९ पासिंग. त्या हंगामात फेडरेशनला घातलेल्या कापसाच्या पैशातून मामांनी ती घेतली. तोवर जामनेरहून पाचोऱ्याला जायचं तर पीजे रेल्वेच्या नॅरोगेज डब्यात बसायचं. पीजे २०२० पासून बंद आहे, आणि मामांच्या गुडघ्याला आता किक सोसत नाही.

"देऊन टाकायची," मामा म्हणाले. "दान."

"कोणाला?"

"तेच तर ठरत नाही. पुण्याचा एक शौकीन सव्वा लाख द्यायला तयार आहे. ते पैसे मोतीबिंदूच्या ऑपरेशनांना दिले तर कितीतरी म्हाताऱ्यांना दिसायला लागेल. नाहीतर आयटीआयला गाडीच देतो, पोरं शिकतील."

अमेरिकेत लोक जुन्या मोटारी धर्मादाय संस्थांना देतात. संस्था बहुधा ती विकते, पैसा कामाला लावते. देणाऱ्याला आयकरात सूट मिळते. पण संस्थेने गाडी विकलीच तर २००५ पासून ही सूट साधारणपणे विक्रीच्या रकमेपुरतीच. हे मी मामांना सांगितलं. आपल्याकडे वस्तू दिली तर अशी सूट मिळतच नाही, हेही सांगितलं.

"सूट कोण मागतंय?" मामा म्हणाले. "पण तिथल्या माणसाने दिलं काय, मोटार की पैसा? मी गाडी विकली म्हणजे विकली. नंतर पैसे दिले, ते पैशाचं दान. पैसा हातातून जाताना मला काही होणार नाही. गाडी जाताना होईल."

"मामा, ज्याच्या डोळ्यावरचा पडदा गेला, त्याला तुम्हाला किती लागलं याच्याशी काय करायचंय? दान त्याच्यासाठी आहे की तुमच्यासाठी?"

मामा गप्प झाले. प्रश्न मी विचारला खरा, पण त्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "नचिकेताची गोष्ट आहे ना, त्याचा बाप यज्ञात म्हाताऱ्या गायी देत होता. ज्यांचं पाणी पिऊन झालं, चारा खाऊन झाला, दूध आटलं, अशा. पोराला ते बघवलं नाही. मला रात्री तेच येतं मनात. गुडघा धड असता तर मी ही दिली असती का?"

"नसती दिली. पण ही गाय आटलेली नाही. दूध आहे, धार काढणारे हात थकलेत."

"हे तू माझ्या समाधानासाठी म्हणतोस."

तसं नव्हतं. देणाऱ्याला वस्तूचा उपयोग उरला नाही म्हणून दान खोटं ठरत नाही, ती घेणाऱ्याच्याही उपयोगाची नसेल तर ठरतं. मी मामांना विनोबांची आठवण करून दिली. त्यांनी १९३२ साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीता सांगितली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाला देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितलंय. पुढे भूदानात त्याच विनोबांना चाळीस लाख एकरांच्या वर जमीन मिळाली, आणि तिच्यातली बरीच खडकाळ किंवा वादातली निघाली. मामा म्हणाले, "आपल्या घरचे असते तरी त्यांनी बरडच दिली असती. काळी कोण देतो?"

मग त्यांनी प्लग पाना घेऊन प्लग काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. टोक कॉफीच्या रंगाचं, कोरडं.

"हा रंग बघ. काळा असता तर ऑइल जास्त, पांढरा असता तर इंजिन तापतंय. अठ्ठ्याण्णव सीसी. हेडमध्ये व्हॉल्व नाही, कॅम नाही. हेड काढलं की पिस्टन समोर. आताच्या गाडीत सेन्सर आणि ईसीयू, पोरगं उघडून बघेल तरी त्याला काय दिसणार? हिच्यात सगळं दिसतं."

माझ्या मते निकाल इथेच लागला होता. ऑपरेशनला पैसा दुसरीकडूनही उभा राहू शकतो; इंजिन श्वास कसं घेतं हे पोराला उघड्या डोळ्यांनी दाखवणारी ही गाडी १९९६ पासून बनत नाही. मी तसं बोललोही. मामांनी मान हलवली, पण लगेच म्हणाले, "उघडतील. जोडणार नाहीत. पार्ट मिळत नाहीत म्हणून एका कोपऱ्यात लावून ठेवतील. आपण लिहून घेऊ. विकायची नाही, कापायची नाही, दर दसऱ्याला हार घालून सुरू करायची."

"मग आरसीवर नाव तुमचंच राहू द्या की."

"म्हणजे?"

"फॉर्म २९ आणि ३० भरून नाव उतरलं नाही, तर गाडी कोणीही चालवो, अपघात झाला की भरपाईसाठी धरणार तुम्हालाच. कागदावर तुमची, दसऱ्याला तुमची, अटीत तुमची. आपल्यात दान करताना हातावरून पाणी सोडतात. तुम्ही पाणी सोडताय आणि मूठ मिटताय."

हे जास्त बोललो असं मला लगेच वाटलं. पस्तीसेक वर्षं ज्या टाकीवर रोज फडकं फिरलं, तिच्याबद्दल कोणाकडून शब्द घ्यावासा वाटणं हा काही लोभ नव्हे. आपली लेक दुसऱ्या घरी देतानाही आपण सांगतोच की, हिला तिखट चालत नाही.

मामांनी प्लग परत बसवला. आधी बोटांनी आटे धरले, मग पान्याने जेमतेम पाव फेरा. "तू मार किक."

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. निळा धूर अंगणातल्या तुळशीपर्यंत गेला. मामांनी टाकीवर हात ठेवला, फायरिंग ऐकत उभे राहिले, मग स्वतःच चावी फिरवून बंद केली.

"आरसीची मुदत संपत आलीय," ते म्हणाले. "पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी रिन्यू करतोय. या वेळी माझ्या नावाने करायची नाही."

"मग फॉर्म आणू?"

"आण. पण आधी आयटीआयची दोन पोरं बोलव इथे, ओट्यावर. माझ्यासमोर हेड काढू दे त्यांना. मला बघवतं का, ते बघतो."