दुसरी भाषा कोणती?

प्रोग्रॅमरने एकाहून अधिक प्रोग्रॅमिंग भाषा शिकाव्यात, हा सल्ला आता बायोडेटात नावांची रांग लावण्यापुरता उरला आहे. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट अशी पाच नावे लिहिली की उमेदवार पाचपट तयार, असा हा हिशेब. सल्ला मुळात संख्येचा नव्हताच.

फोरट्रान (1957), लिस्प, कोबोल यांच्या काळात दुसरी भाषा कशासाठी शिकायची, हा प्रश्न फारसा पडत नसे. शास्त्रीय आकडेमोड, चिन्हांची जुळवाजुळव आणि कचेरीचे हिशेब यांसाठी भाषाच वेगळ्या होत्या. पुढे झुरिचमध्ये निकलाउस विर्थ यांच्या गटाने पास्कल भाषेचा पास्कल-पी कंपायलर तयार केला.  या कंपायलरचे फलित एका काल्पनिक यंत्राच्या आज्ञांत निघे. त्या आज्ञा चालवणारा छोटा प्रोग्रॅम नव्या संगणकावर लिहिला की पास्कल तिथे चालू लागे. यंत्र बदलले म्हणून भाषा बदलण्याचे कारण अशाने कमी होत गेले. मग दुसरी भाषा शिकायची ती कशासाठी?

संगणकशास्त्रज्ञ अॅलन पर्लिस यांनी 1982 मध्ये कसोटी दिली: विचाराची पद्धत बदलत नसेल, तर ती भाषा शिकण्याजोगी नाही. 1999 मध्ये हंट आणि थॉमस यांनी प्रोग्रॅमिंगवरच्या आपल्या पुस्तकात दरवर्षी एक नवी भाषा शिकायला सांगितले, तेही एकच प्रश्न वेगवेगळ्या रीतींनी सोडवता यावा म्हणून. वाचकांनी ‘दरवर्षी एक’ एवढेच उचलले. गफलत झाली ती इथे.

भोरचे भाटघर आणि राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातले पानशेत या दोन धरणांवरच्या रोजच्या पावसाच्या नोंदी घ्या. दोन्हीकडे 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झालेले दिवस शोधायचे आहेत. सीमध्ये दोन अॅरे, एक लूप, आत एक अट; शिवाय नोंदी किती हे आधी माहीत नसेल, तर मेमरीची तजवीजही आपणच करायची. जावात ती तजवीज सुटते, पण लूप तोच राहतो. एसक्यूएलमध्ये दोन टेबले तारखेवर जोडून फक्त अट सांगायची. नोंदी कोणत्या क्रमाने तपासायच्या, ते डेटाबेस ठरवतो. प्रोलॉगमध्ये ‘अतिवृष्टीचा दिवस’ म्हणजे काय याचा नियम लिहिला की त्यात बसणारे दिवस प्रोलॉग स्वतः हुडकते. सी येणाऱ्याला जावाने बरेच नवे दिले, पण या प्रश्नाकडे पाहण्याची नजर बदलली ती एसक्यूएलने. बायोडेटात मात्र दोन्ही एकेका नावाचीच जागा अडवतात.

 सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला पायथन आले. सी जुनी झाली, असा त्याचा अर्थ सर्रास लावला जातो. पायथन मेमरीचा व्यवहार झाकून ठेवते, म्हणून पायथनपासून सुरुवात केलेल्याला सी हीच खरी दुसरी भाषा ठरते; जावा येणाऱ्याला लिस्प किंवा प्रोलॉग. पहिल्या भाषेत मात्र स्वतःच्या चुका स्वतः शोधता येण्याइतका हात बसलेला हवा. तोवर दुसरी भाषा शिकली तरी पहिलीचीच वाक्ये नव्या विरामचिन्हांत लिहिली जातात.