ममत्व आणि वहिवाट

संसार ही धर्मशाळा आहे, देह हे भाड्याचे घर आहे आणि जीव हा त्यातला चार दिवसांचा बिऱ्हाडकरू आहे, ही शिकवण आपल्या कीर्तनकारांनी इतक्या पिढ्या आपल्या कानांवर घातली आहे की, तिची परीक्षा करून पाहावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ‘हे माझे’ ही भाषा जिभेवरून उतरली म्हणजे बंधन तुटले, असा त्या उपदेशाचा इत्यर्थ. परंतु फ्रान्सच्या मध्यभागी, लिमूझँ भागातल्या क्रूझ जिल्ह्यात, जीर्णोद्धार केलेले एखादे जुने दगडी घर सुटीसाठी आठवड्याच्या कराराने घेऊन राहिले असता या सिद्धांताकडे निराळ्या बाजूने पाहणे भाग पडते; कारण तेथे भाड्याचे घर ही उपमा उरत नाही, किल्ली, करारनामा आणि चमच्या-ताटल्यांची यादी यांसह ते प्रत्यक्ष हाती येते.

या जिल्ह्याची जमीन हलकी आणि थंड, खाली सगळा ग्रॅनाइट. तिच्यावर कुटुंबाचा निर्वाह होत नसे, म्हणून तेथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकामासाठी बाहेर पडत. वसंताच्या आरंभी पॅरिसची वाट धरावी, परांचीवर उन्हाळा काढावा आणि हिवाळ्याच्या तोंडाशी गाठीला बांधलेली रक्कम घेऊन घरी परतावे, असा त्यांचा वर्षक्रम होता. मार्तँ नादो हा असाच एक गवंडी. 1830 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो बापाबरोबर पॅरिसला गेला, 1849 साली लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आला, 1851 च्या सत्तापालटानंतर हद्दपार झाला, आणि उतारवयात त्याने लिहिलेल्या आठवणींमुळे या कष्टकऱ्यांचे जिणे इतिहासाच्या दप्तरात दाखल झाले. पुढे गवंडी बायकामुलांसह शहरातच राहू लागले; उरलेल्यांपैकी कित्येकांना पहिल्या महायुद्धाने नेले. झाँस्यू नावाच्या खेड्यात 1922 साली उभारलेल्या स्मारकावर मृतांच्या नावांपाशी शाळकरी झगा घातलेला एक पोरका मुलगा आहे; टोपी एका हातात धरून दुसऱ्या हाताची मूठ त्याने युद्धाचा धिक्कार करणाऱ्या कोरीव अक्षरांकडे उगारली आहे. 1851 च्या सुमारास 2 लाख 87 हजार वस्ती असलेल्या या जिल्ह्यात आज जेमतेम 1 लाख 15 हजार माणसे राहतात. रत्नागिरीकडची कुलपे लावलेली घरे ज्याने पाहिली आहेत त्याला याहून अधिक सांगण्याचे कारण नाही.

घरे ओस पडण्याला कायद्यानेही हातभार लावला. नेपोलियनच्या 1804 च्या संहितेने सर्व औरस अपत्यांना समान वारसाहक्क दिला, ही न्यायाची गोष्ट खरी. परंतु पिढी दर पिढी हिस्सेदार वाढत गेले, एकत्र नावावर असलेल्या घराची वाटणी होईना, विक्रीला सर्वांची संमती मिळेना, आणि ज्याचा बारावा हिस्सा आहे तो संपूर्ण छपराची कौले कशाला बदलील? अशा रीतीने कागदोपत्री मालकांची गर्दी असलेली मिळकत वस्तुतः गतकुळी होऊन बसते. येथे मला पहिली शंका येते. या घरांवरून ममत्व उठले, आणि त्या उठण्याने कोणी मुक्त झाला नाही; भिंतीत ओल तेवढी शिरली.

ओल कशी शिरते हे जवळून पाहण्यासारखे आहे. जुन्या भिंती दोन अंगांच्या दगडांच्या, मधे माती व चिपा, आणि दर्जा चुन्याच्या. चुना हा श्वास घेणारा पदार्थ. भिंतीत चढलेले पाणी तो हळूहळू बाहेर सोडतो. घाईच्या काळात अनेक घरांच्या दर्जांत सिमेंट भरले गेले, वरून गिलावाही सिमेंटचाच झाला, आणि आत कोंडलेल्या पाण्याने तुळयांची टोके कुजवली. ज्याला घराची कळकळ आहे तो नवा मालक प्रथम हे सिमेंट छिन्नीने उकरून काढतो आणि पुन्हा चुना भरतो. हे काम महिनोन्‌महिने चालते, आणि आलेल्या पाहुण्याच्या दृष्टीस त्यातले काही पडत नाही.

असे सावरलेले घर जुनेच म्हणावे की नवे? नैयायिक म्हणेल, एक तंतू काढला तरी पूर्वीचा पट नष्ट होऊन दुसरा उत्पन्न होतो. भागांहून निराळा असा रथ नाही, हे बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाच्या दृष्टांताने सांगितले, तेही याच दिशेचे. युरोपातही हा वाद झाला. ज्या पूर्णावस्थेत वास्तू कदाचित कधीच नव्हती तीही तिला देता येते, असे फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक मानीत असे, तर 1849 साली इंग्रज कलासमीक्षक रस्किनने अशा पुनर्रचनेला विनाशच म्हटले होते. मला आपल्या आगमांची रीत या दोहोंहून अधिक समंजस वाटते. देवालयाचा जीर्णोद्धार करावयाचा तर मूर्तीतील देवत्व आधी कलशात आवाहन करून घ्यावे, काम पुरे झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा करावी. म्हणजे दगड बदलला याची प्रांजळ कबुलीही होते आणि जे टिकवायचे ते दगडात आपोआप टिकत नाही, कोणीतरी ते मधल्या काळात जपून धरावे लागते, हेही मान्य होते.

लिमूझँमधल्या अशा घरात रुंद धुराड्याखाली, चुलीच्या कडेला एक बाक असतो. त्याच्या खालच्या पेटीत मीठ कोरडे राहावे म्हणून ठेवीत, आणि वर घरातले सर्वांत म्हातारे माणूस बसे. आज त्यावर आठवड्याचा उपरी बसतो. शनिवारी दुपारी यावे आणि पुढच्या शनिवारी सकाळी जावे, हा रिवाज. 1936 साली कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाला, 1951 पासून शेतकऱ्यांची रिकामी घरे सुटीसाठी देण्याची योजना सुरू झाली आणि 1955 साली तिची देशव्यापी संघटना स्थापन झाली; ‘झीत’ म्हणतात या घरांना, आणि त्यांची प्रत तारकांऐवजी गव्हाच्या ओंब्यांनी दर्शवितात. शहरातल्या साध्या माणसाला खेड्यातली विश्रांती मिळावी आणि शेतकऱ्याचे घर पडू नये, हा हेतू मला थोर वाटतो.

परंतु या उपऱ्याच्या अंगी आपल्या शास्त्रांनी वाखाणलेली अनासक्ती आहे काय? बाह्यतः सर्व लक्षणे जुळतात. तो भोगतो, पण ‘माझे’ म्हणत नाही. जाताना त्याचा पाय अडखळत नाही. ईशावास्योपनिषदाने पहिल्याच मंत्रात त्यागपूर्वक भोगाची आज्ञा केली आहे, ती जणू येथे सहज पाळली जाते. माझे मत याच्या उलट आहे. त्या मंत्रातला त्याग भोगाच्या वेळी करावयाचा आहे, आणि उपऱ्याने काहीच सोडलेले नाही, कारण त्याने काही धरलेच नव्हते. छप्पर गळाले तर तो मालकाला निरोप धाडतो, आणि तसे करण्याचा त्याला करारानेच अधिकार आहे. ममत्वाचे दोन पदर आहेत, एक स्वामित्वाचा आणि एक सांभाळाचा. वैराग्याच्या उपदेशात हे दोन्ही एकत्र कापले जातात आणि पडक्या भिंती मागे राहतात. गांधीजींनी विश्वस्तवृत्तीची जी कल्पना मांडली तिच्यात पहिला पदर सोडून दुसरा हातात ठेवण्याचा यत्न आहे, आणि म्हणूनच ती मला धर्मशाळेच्या दृष्टांतापेक्षा खोल वाटते. धर्मशाळासुद्धा कोणीतरी बांधलेली असते, तिचे आढे कोणीतरी बदललेले असते. उपदेश करताना आपण फक्त वाटसरूकडे पाहतो.

सांभाळ म्हणजे प्रत्येक वेळी नवे छप्पर घालणे, असे मात्र नाही. क्रूझच्या शेजारच्या जिल्ह्यात ओरादूर-स्यूर-ग्लान हे गाव आहे. 10 जून 1944 रोजी जर्मन एस. एस. सैन्याने तेथल्या पुरुषांना कोठारांत गोळ्या घातल्या, बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून जाळले. 640 हून अधिक माणसे मेली. युद्ध संपत आले असता फ्रान्सच्या हंगामी सरकारचा प्रमुख द गोल याने तेथे जाऊन निर्णय दिला की हे गाव जसे आहे तसेच राहील, आणि नवे गाव शेजारी वसवले गेले. तेथे कौले घालणे हा मृतांशी द्रोह ठरला असता. त्या गल्ल्यांत कोणाचा भोग नाही, कोणाचे भाडे नाही; तरी जळके घरही आपोआप टिकत नाही. उघड्या भिंतींच्या माथ्यावरून पाऊस आत मुरतो, दगड सुटतात, आणि म्हणून तेथेही गवंडी लावावे लागतात, त्या भग्न भिंती भग्न स्थितीतच उभ्या ठेवण्यासाठी.