म्यान, खंजीर आणि दिलेला शब्द



काही दिवसांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर एक सद्गृहस्थ आपल्या महाविद्यालयीन मुलाला घेऊन माझ्याकडे आले. तक्रार वडिलांची होती, प्रश्न मुलाचा होता. मुलगा दर रविवारी चार मित्रांसह टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतो. मी तो खेळ हराम ठरवावा आणि प्रकरण तिथेच मिटावे, अशी वडिलांची इच्छा स्पष्ट दिसत होती. मुलगा मात्र वेगळ्याच विवंचनेत होता. खेळातले त्याचे पात्र एका राजाच्या मेजवानीला निघाले होते. वेशीवरच्या पहारेकऱ्याने विचारले, शस्त्र आहे का? पात्राने शपथेवर सांगितले, नाही. खंजीर बुटात होता. फासा पडला, आकडा मोठा आला, पहारेकऱ्याला काही दिसले नाही आणि मित्रांनी टाळ्या वाजवल्या. "मौलाना, त्या रात्री मला झोप लागली नाही," तो म्हणाला. "मी खोटे बोललो का? आणि बोललो असेन, तर कोणाशी?"

आपल्यापैकी अनेकांना हा खेळ ठाऊक नसेल. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ असे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात आणि जिथे यश अनिश्चित असते तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. मुलाने मला नियमपुस्तक दाखवले. त्यात खंजिराचे वजन एक पौंड आणि लांब तलवारीचे तीन पौंड दिले आहे. अंगावर वस्तू लपवणे हे हातचलाखीचे कौशल्य मानले आहे. लपवणाऱ्याच्या फाशाच्या आकड्यात त्याचे कौशल्य मिळवायचे आणि ती बेरीज समोरच्याच्या निरीक्षणशक्तीशी ताडून पाहायची. हिशेब चोख आहे. पण त्या हिशेबाला एकच प्रश्न ठाऊक आहे: दिसले की नाही दिसले? पहारेकऱ्याला काय शब्द दिला, याची नोंद करायला त्या कागदावर रकाना नाही. मुलाची झोप उडाली ती या न दिलेल्या रकान्यामुळे.

फाशांविषयी दोन शब्द सांगून पुढे जातो, नाहीतर काही वाचक तिथेच अडून बसतील. नर्द या फाशांच्या खेळाविषयी हदीसमध्ये कठोर इशारा आहे आणि बहुसंख्य फुकहांनी, पैसा लावलेला नसला तरीही, त्याला मनाई केली आहे. मी मुलाला फासे बाजूला ठेवून एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या काढायला सांगितले, आणि खेळातल्या जादूटोण्यापासून व देवतांच्या पूजेपासून आपले पात्र दूर ठेवायला सांगितले. अधिक तपशील आपल्या भागातील मुफ्तीसाहेबांना विचारावा. आज माझा विषय तो नाही.

आधी ‘खोटे’ या शब्दाकडे पाहू. मदरशात आम्ही ‘मकामाते हरीरी’ वाचली. बसऱ्याच्या हरीरींच्या या पन्नास मकामांचा नायक अबू झैद वेष बदलतो, लोकांना रडवणारे प्रवचन देतो, पैसे गोळा करतो आणि पसार होतो. आमचे उस्ताद दाढीआड हसत आम्हाला त्याच्या वाक्यांचे व्याकरण सोडवायला लावीत. हरीरींना स्वतःलाही हा आक्षेप अपेक्षित होता. प्रस्तावनेत त्यांनी मुक्या प्राण्यांच्या तोंडी बोल घालणाऱ्या कथांचा दाखला देऊन आपली बाजू मांडली आहे. जिथे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ही कथा आहे हे ठाऊक असते, तिथे कोणाची फसवणूक होत नाही. मुलाच्या टेबलाभोवती बसलेल्या पाचही जणांना खंजीर कुठे आहे ते माहीत होते. म्हणून मी त्याला निःसंकोचपणे सांगितले की, तू कोणाशीही खोटे बोलला नाहीस.

त्याचा चेहरा खुलला नाही. मलाही माझे उत्तर अपुरे वाटले. कथेतले पात्र कथाकार निवडतो, तसे या खेळात दर क्षणी खेळाडू निवड करतो. पात्राच्या जिभेवर काय यावे हे त्याने ठरवले होते. त्याला गुन्हेगार ठरवावे की नाही, हा प्रश्न त्याच्या मनात नव्हताच. त्याने जे निवडले ते कसले कृत्य होते, हे त्याला जाणून घ्यायचे होते.

शस्त्र झाकणे ही मुळात वाईट गोष्ट नाही. प्रेषित (स.) यांनी ताकीद दिली होती की, बाण घेऊन मशिदीतून वा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके मुठीत धरावीत, कोणाला इजा होता कामा नये. उपसलेली तलवार हाती देण्यासही त्यांनी मनाई केली. म्हणजे पाते झाकणे हा शिष्टाचार आहे. पण हे झाकणे समोरच्याच्या भल्यासाठी असते. शस्त्र आहे हे त्याला कळते, फक्त धार त्याच्यापासून दूर राहते. बुटातल्या खंजिराचे झाकणे याच्या नेमके उलटे आहे. तिथे धार तयार असते आणि माहिती दूर ठेवलेली असते.

तरीही केवळ ‘दिसणे’ हा निकष पुरत नाही. बद्रच्या युद्धानंतर उमैर बिन वहब मदीनेत आले, तेव्हा विषात भिजवलेली तलवार त्यांच्या गळ्यात उघडपणे लटकत होती. मक्केत सफवान बिन उमय्याशी बसून त्यांनी प्रेषितांच्या हत्येचा बेत केला होता आणि वर निमित्त सांगितले कैदेतल्या मुलाच्या सुटकेचे. हजरत उमर (रजि.) यांनी तलवारीचा पट्टा धरून त्यांना आत आणले. प्रेषितांनी पट्टा सोडायला लावला, जवळ बसवले आणि तो गुप्त करार त्यांच्यासमोर उघड केला. उमैर यांनी त्याच बैठकीत इस्लाम स्वीकारला. पाहा, तिथे लोखंड उघडे होते आणि नीयत म्यानात होती. याउलट एखादी स्त्री रात्रीच्या प्रवासात आत्मरक्षणासाठी पदराखाली काही बाळगत असेल, तर तिचे लोखंड झाकलेले असून नीयत उघडी आहे.

मग वेशीवर नेमके काय बिघडले? तिथे ‘अमान’ मागितली गेली आणि दिली गेली. अमान म्हणजे अभयाचे वचन: तू मला आत घे, माझ्यापासून तुला भय नाही. ‘हिदाया’ शिकताना आम्हाला बजावून सांगितले जाई की, शत्रूच्या प्रदेशात अमान घेऊन शिरलेल्या मुस्लिम व्यापाऱ्याला तिथल्या लोकांच्या जिवाला वा मालाला हात लावणे वैध नाही, कारण आत शिरताना त्याने तीच हमी दिलेली असते. युद्धात डावपेच चालतात हे खरे, पण उलेमांनी त्याला स्पष्ट मर्यादा घातली आहे: करार आणि अमान मोडून नव्हे.

हिजरी सन ७ मधला उमरा आठवा. आदल्या वर्षी हुदैबियात ठरले होते की, मुसलमानांनी मक्केत फक्त म्यानबंद तलवारी घेऊन यावे. प्रेषितांनी दगाफटक्याच्या शंकेने बरोबर जास्त शस्त्रे आणली होती. ती पाहून कुरैशचे लोक घाबरून विचारायला आले. सीरतच्या ग्रंथांत येते की, ती शस्त्रे हरमबाहेर याजजच्या खोऱ्यात पहाऱ्यात ठेवली गेली आणि सहाबा म्यानबंद तलवारींनिशी आत गेले. सावधगिरीही राहिली, शब्दही राहिला. आणि मागे थांबलेल्या पहारेकऱ्यांच्या जागी दुसरे पाठवून त्यांनाही उमरा करू दिला गेला, ही गोष्ट मला नेहमी विशेष वाटते.

इथे स्वतःचीही एक गोष्ट सांगतो. मदरशात असताना रात्री स्टेशनवरून येण्याच्या वाटेवर काही टवाळांनी मला अडवले होते. त्यानंतर मी जवळजवळ महिनाभर कुर्त्याखाली, कमरेला एक चाकू बाळगत असे. वाटेपुरता तो हवा होता, पण हळूहळू तो अंगावरून निघेनासा झाला. ईदच्या सकाळी एका वृद्ध उस्तादांनी गळाभेट घेतली आणि त्यांच्या हाताला ती मूठ लागली. ते मागे सरले नाहीत. तीन वेळा गळाभेट पूर्ण केली. मग हलक्या आवाजात एवढेच म्हणाले की, हे कशासाठी आहे ते मी विचारत नाही, पण मी तुझ्या गळ्यात पडलो ते हे नाही असे समजून. माझ्या तोंडून कोणतेही असत्य निघाले नव्हते. तरीही ईदच्या त्या सकाळी मी अमानेत होतो आणि अमान अपुरी होती. मुलाला मी हे सांगितले, तेव्हा त्याने प्रथमच मान वर केली.

"पण राजा जुलमी असला तर?" त्याने विचारले. प्रश्न हुशार मुलाचा होता. जुलमी राजाशी लढता येते, त्याच्या दारात शिरण्यास नकार देता येतो, तपासणी करू देणार नाही असे तोंडावर सांगता येते. मी त्याला हुजैफा बिन यमान (रजि.) यांची हकीकत ऐकवली. बद्रपूर्वी ते आणि त्यांचे वडील कुरैशच्या हाती लागले आणि मुहम्मदांच्या बाजूने लढणार नाही असे वचन देऊन सुटले. वचन जबरीने घेतलेले, घेणारे जुलमी, आणि बद्रवर मुसलमान तीनशेच्या वर थोडेसेच, समोर सुमारे हजार. एकेक हात मोलाचा होता. प्रेषितांनी बापलेकांना वचन पाळायला सांगून परत पाठवले. ते दोघे बद्रला नव्हते.

मुलगा बराच वेळ गप्प होता. वडीलही गप्प होते. ते जोडे घालताना मुलाला म्हणाले की, पुढच्या रविवारी काय झाले ते मलाही सांग.

तो रविवार होऊन गेला. मुलाच्या पात्राने मेजवानी सुरू होण्याआधी परत वेशीवर जाऊन बुटातला खंजीर काढून पहारेकऱ्याच्या हातात दिला. मित्र वैतागले, सूत्रधाराला पुढचा बेत बदलावा लागला आणि अर्धा तास सगळे दारातच अडकून राहिले. आता त्याचे पात्र निःशस्त्र होऊन राजासमोर बसले आहे आणि काय बोलावे हे त्याला सुचत नाही. खंजीर अजून पहारेकऱ्याकडेच आहे.