तकदीर कोणाच्या तोंडी?

तत्त्वज्ञान हा विद्वानांचा विषय, संसारी माणसाला त्याचा काय उपयोग, असे पुष्कळदा ऐकू येते. परंतु ‘नशिबात होते ते झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा तत्त्वज्ञानातील एका अतिशय कठीण प्रश्नाचे उत्तरच देत असतो. फरक एवढाच, की ते उत्तर विचाराने येते की सवयीने.

पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातील पानशेतचे उदाहरण घ्या. आंबी नदीवरील या मातीच्या धरणाचे काम अपुरे असतानाच १९६१ च्या पावसाळ्यात ते भरत गेले. बांध खचू लागला. जवानांनी वाळूची पोती रचून तो सावरण्याची शर्थ केली. तरीही १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, खालचे खडकवासलाही टिकले नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाऊस अल्लाहने पाठविला, हा आपला ईमान आहे. मग अपुऱ्या कामाचा जाब कोणी द्यायचा?

माननीय उमर (रजि.) शामच्या सीमेवर पोहोचले, तेव्हा पुढे प्लेग पसरल्याची वार्ता आली. त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे माननीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कोठेही चारले तरी ते तकदीरनेच. पण शहाणा मेंढपाळ हिरवी बाजूच निवडतो. तोरण्याच्या पायथ्याला गुरे चारणाऱ्यास हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

इमाम गझाली (मृत्यू इ. स. ११११) यांनीही ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये तवक्कुलचे विवेचन करताना हेच स्पष्ट केले आहे, की साधने टाकून देणे म्हणजे तवक्कुल नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर उंट आधी बांधण्यास आणि मग अल्लाहवर विसंबण्यास सांगितले.

तेव्हा तकदीर हा शब्द कोण उच्चारतो, हे पाहिले पाहिजे. पुरात घर गमावलेल्याच्या तोंडी तो सब्र असतो. ज्याच्या हाती काम होते, त्याच्या तोंडी तोच शब्द पळवाट ठरतो.

ही कसोटी घरात लावून पाहा. झिजलेल्या ब्रेकची गाडी वरंधा घाटात घालून ‘अल्लाह मालिक आहे’ म्हणणे हा तवक्कुल नाही. भोरकडच्या भातखाचरात बहिणीचा वाटा आहे. तो दाबून ‘तुझ्या नशिबात नव्हते’ असे तिला सांगणारा भाऊ तर आपला अपराध अल्लाहच्या नावावर मांडतो. तो वाटा कुरआनच्या सूरह निसाने ठरवून दिला आहे. तिची तकदीर तेथेच लिहिलेली आहे. ती अडवणारा हात भावाचा आहे.

म्हणून कृतीपूर्वी स्वतःला विचारावे: माझ्या हाती जे होते, ते मी केले काय? कृतीनंतर, निकाल काहीही लागो, अल्लाहच्या निर्णयावर राजी राहावे. आणि दुसऱ्याच्या दुःखात त्याला तकदीर सांगण्याआधी त्यात आपला काही हात नाही ना, हे तपासावे. एवढा विचार रोज इशाच्या नमाजनंतर घडला, तरी हिकमत आपल्या उंबरठ्याच्या आत आली असे समजावे.

अल्लाह आम्हाला योग्य समज आणि हक्कदाराचा हक्क देण्याची तौफिक देवो. आमीन.